कार्यालयाच्या सर्व्हरवर स्नॅपशॉट आणि बॅकअप एकत्र कसे वापरावेत

पणजी, म्हापसा, फोंडा किंवा मडगावातील लहान कार्यालय घ्या. सनदी लेखापालाचे असो, पतसंस्थेचे असो वा वकिलाचे, तिथे साधारणपणे एकच सर्व्हर असतो आणि त्यावरच्या सामायिक फोल्डरमध्ये दहा-पंधरा माणसे दिवसभर काम करीत असतात. अशा सर्व्हरांची देखभाल करताना मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला जवळजवळ दर आठवड्याचा: कोणाच्या तरी हातून फाइल पुसली गेली, जुन्या करारनाम्यावरच नवा जतन झाला, एक्सेलच्या तक्त्यातील निम्म्या ओळी नाहीशा झाल्या. दुसरा फोन क्वचित येतो, पण तो आला की कार्यालय थांबलेले असते: डिस्क बंद पडली, वीज कोसळून यंत्र जळाले, किंवा खंडणी मागणाऱ्या व्हायरसने सगळ्या फाइलींना कुलूप घातले. पहिल्या प्रसंगासाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्याच सर्व्हरवर गोठवून ठेवलेली त्या क्षणाची स्थिती, हवा आणि दुसऱ्यासाठी बॅकअप, म्हणजे दुसऱ्या साधनावर काढलेली स्वतंत्र प्रत. दोन्ही एकाच सर्व्हरवर, एकमेकांना धरून कसे चालवावेत, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

स्नॅपशॉट नेमका कुठे असतो

डिस्कवरची प्रत्येक फाइल लहान लहान ब्लॉकांची बनलेली असते. स्नॅपशॉट घेताना सर्व्हर फाइलींची प्रत काढत नाही. त्या क्षणी कोणती फाइल कोणत्या ब्लॉकांची बनली आहे, एवढीच नोंद तो गोठवून ठेवतो. म्हणूनच पाचशे जीबींच्या फोल्डरचाही स्नॅपशॉट काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. पुढे एखादा ब्लॉक बदलण्याची वेळ आली की विंडोज सर्व्हर जुना ब्लॉक आधी राखीव जागेत उचलून ठेवतो आणि मग नवा लिहितो. लिनक्सवर चालणाऱ्या झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल-व्यवस्था जुन्याला हात न लावता नवा ब्लॉक दुसरीकडेच लिहितात. पद्धत कोणतीही असली, तरी जे ब्लॉक बदललेले नाहीत ते आजच्या फाइलीचे आणि कालच्या स्नॅपशॉटचे एकच असतात. त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते, आणि त्यामुळे ती डिस्क गेली की फाइली जातात आणि त्यांचे सगळे स्नॅपशॉटही त्यांच्याबरोबरच जातात.

हे सांगण्याचे कारण मी स्वतः अनुभवले आहे. बार्देशातील एका कार्यालयात मी शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजची स्नॅपशॉटची सोय, चालू करून दिली होती. जुन्या फाइली दोन मिनिटांत परत मिळू लागल्यावर तिथल्या मंडळींचा त्यावर इतका विश्वास बसला की बॅकअपचा ड्राइव्ह जोडणे हळूहळू बंद पडले, आणि मीही त्याची चौकशी केली नाही. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधीच्या गडगडाटात, सर्व्हरच्या दोन्ही डिस्क एकाच रात्री गेल्या. त्यानंतर तिथल्या हिशेबनीस बाईंना कितीतरी आठवडे छापील पावत्यांवरून नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. स्नॅपशॉट चालू करण्याच्या दिवशीच बॅकअपही चालू झाला पाहिजे, हा नियम मी त्या वेळेपासून पाळतो.

विंडोज सर्व्हरवरची मांडणी

सामायिक फोल्डरांसाठी शॅडो कॉपीची सोय विंडोज सर्व्हर २००३ पासून आहे. ज्या ड्राइव्हवर कार्यालयाच्या फाइली आहेत त्याच्या गुणधर्मांत ‘शॅडो कॉपीज’ हा टॅब असतो आणि तेथूनच ती चालू करता येते. मात्र चालू करण्याचे बटण दाबण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात, कारण नंतर त्या बदलणे महागात पडते.

पहिली गोष्ट म्हणजे जुने ब्लॉक कुठे साठवायचे. काहीच ठरवले नाही, तर विंडोज त्याच ड्राइव्हची सुमारे १० टक्के जागा त्यासाठी वापरतो. सर्व्हरमध्ये दुसरी डिस्क असेल तर साठवण तिच्यावर नेणे चांगले, कारण मग प्रत्येक लिखाणामागे होणारी जास्तीची उचलठेव मुख्य डिस्कला सोसावी लागत नाही. पण हे सुरुवातीलाच करावे. नंतर साठवणीची जागा बदलायची झाल्यास आधीच्या सगळ्या शॅडो कॉपी काढून टाकाव्या लागतात. येथे एक गैरसमजही दूर करतो: साठवण दुसऱ्या डिस्कवर नेली म्हणून शॅडो कॉपी बॅकअप होत नाही, कारण न बदललेले ब्लॉक मुख्य डिस्कवरच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. विंडोजचे मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२ असे आहे. गोव्यातील बहुतेक खासगी कार्यालये शनिवारीही चालतात, म्हणजे शनिवारचे सगळे काम या वेळापत्रकाबाहेर राहते. शिवाय सकाळी ७ वाजता जे टिपले जाते ते आदल्या संध्याकाळचेच असते, आणि दुपारी १२ नंतरचे काम टिपायला दुसऱ्या दिवसाशिवाय नवा टप्पा नसतो. मी सोमवार ते शनिवार असे चार टप्पे ठेवतो: सकाळी ११, जेवणाच्या सुटीत १.३०, दुपारी ४ आणि कार्यालय बंद झाल्यावर ७. जेवणाच्या सुटीतला टप्पा मुद्दाम ठेवला आहे, कारण त्या वेळी बहुतेकांच्या फाइली बंद असतात आणि स्नॅपशॉटमध्ये अर्धवट लिहिलेली फाइल अडकण्याची शक्यता कमी होते.

चारच का, दर तासाला का नको, असा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर हिशेबात आहे. विंडोज एका ड्राइव्हवर सामायिक फोल्डरांच्या जास्तीत जास्त ६४ शॅडो कॉपी ठेवतो; पासष्टावी आली की सर्वांत जुनी जाते. दिवसाला चार घेतल्या तर १६ कामाचे दिवस मागे जाता येते, म्हणजे रविवार धरून अडीच आठवड्यांहून थोडे अधिक. दिवसाला नऊ घेतल्या तर जेमतेम सात दिवस. आता चतुर्थीचा विचार करा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घाईघाईत एखादी फाइल चुकीची जतन झाली, माणसे गावच्या घरी गेली, कोणी पाच दिवसांनी तर कोणी विसर्जनानंतर परतले, आणि चूक लक्षात येईपर्यंत दहा-बारा दिवस उलटले. कार्यालय बंद असले तरी घड्याळ चालूच असते. ठरलेल्या वेळी नवी शॅडो कॉपी घेतली जाते आणि जुनी गळते. तासातासाच्या वेळापत्रकात आपल्याला हवी असलेली प्रत सुटी संपण्याआधीच निघून जाते. वाया गेलेल्या तीन तासांचे काम पुन्हा करता येते, पण बारा दिवसांपूर्वीची नाहीशी झालेली फाइल पुन्हा तयार करता येत नाही.

जागा किती लागेल

रोज किती माहिती बदलते आणि किती दिवस मागे जायचे आहे, यांचा गुणाकार हा पहिला अंदाज. सर्व्हरवर ४०० जीबी माहिती आहे, रोज ३ जीबी बदलते आणि ३० दिवस जपायचे आहेत, असे धरले तर ९० जीबी लागतील. त्यावर निम्मी जागा आणखी सोडावी. अंदाज चुकण्याची दोन कारणे मला नेहमी आढळतात. वर्ड, एक्सेल यांसारखे प्रोग्रॅम पुष्कळदा जतन करताना फाइल नव्याने पूर्ण लिहितात, त्यामुळे ४० एमबीच्या तक्त्यात एक आकडा बदलला तरी ४० एमबी बदलल्यासारखेच होते. आणि विंडोजवर डिस्कचे डीफ्रॅगमेंटेशन (विखुरलेले ब्लॉक जवळजवळ आणून लावणे) चालवले, तर ब्लॉक नुसते इकडून तिकडे हलल्यानेही राखीव जागा भरते आणि जुन्या शॅडो कॉपी गळून पडतात.

जागेबाबत एक धोका असा आहे की तो घडला तरी कळत नाही. सर्व्हरवर लिखाणाचा फार भार असताना राखीव जागा वेळेवर वाढू शकली नाही, तर विंडोज त्या ड्राइव्हच्या सगळ्या शॅडो कॉपी एकदम टाकून देतो आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत ‘व्हॉलस्नॅप’ या नावाखाली क्रमांक २५ ची नोंद तेवढी होते. ही नोंद आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय ठेवावी, आणि ती दिसली तर राखीव जागेची कमाल मर्यादा वाढवावी किंवा साठवण दुसऱ्या डिस्कवर न्यावी.

लिनक्सवर चालणारा सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवर जोडलेले साठवण-यंत्र) असेल तर

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असल्यास ६४ ची मर्यादा नसते, त्यामुळे ताशी स्नॅपशॉट दोन दिवस, दैनंदिन एक महिना आणि मासिक एक वर्ष अशी उतरंड ठेवता येते. येथे लक्ष ठेवायचे ते डिस्कच्या भरण्यावर. स्नॅपशॉटमध्ये असलेली फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. डिस्क भरत आली म्हणून घाबरून फाइली पुसत बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि जागा तसूभरही वाढत नाही हे पाहून ते आणखी घाबरतात. अशा वेळी जुने स्नॅपशॉट काढावे लागतात. झेडएफएसचा ‘पूल’, म्हणजे त्याच्या डिस्कांची एकत्रित साठवण, ८० टक्क्यांच्या आत ठेवावा, त्यापुढे तो मंदावू लागतो.

एलव्हीएमचे, म्हणजे डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचे, जुन्या पद्धतीचे स्नॅपशॉट मात्र वेगळ्या जातीचे आहेत. त्यांना आधीच ठरावीक जागा द्यावी लागते आणि ती भरली की तो स्नॅपशॉट निकामी होतो. म्हणून ते दिवसचे दिवस ठेवू नयेत. बॅकअप चालू असेपर्यंत घ्यावेत आणि बॅकअप संपताच काढावेत.

लिनक्सवरच्या फाइली विंडोजच्या संगणकांना पुरवणाऱ्या सांबा या प्रोग्रॅममधून फाइली वाटल्या जात असतील तर त्याचे ‘शॅडो कॉपी २’ हे मॉड्यूल जोडावे; मग कर्मचाऱ्यांना विंडोजवर नेहमीच्याच टॅबमध्ये हे स्नॅपशॉट दिसतात. मात्र स्नॅपशॉटच्या नावातील वेळ ग्रिनिचप्रमाणे आहे की भारतीय, हे मांडणी करतानाच निश्चित करा. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने दुपारी १ चा स्नॅपशॉट ७.३० च्या नावाने बसतो, आणि सर्व्हर व मॉड्यूल यांची समजूत जुळली नाही तर कर्मचारी भलत्याच वेळेची फाइल उचलतो.

बॅकअप स्नॅपशॉटवरूनच घ्यावा

स्नॅपशॉट आणि बॅकअप यांची खरी जोड येथे लागते, आणि बहुतेक कार्यालयांत नेमके हेच केलेले नसते. चालू फोल्डरवरून सरळ बॅकअप घेतला, तर तो संपायला तास-दोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात काही फाइली बदलतात, काही उघड्या असल्यामुळे वगळल्या जातात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या एकमेकींवर अवलंबून असलेल्या फाइलींपैकी एक ९ वाजताची आणि दुसरी १० वाजताची, असा बॅकअप दिसायला पूर्ण असतो, पण परत आणल्यावर उघडत नाही. आधी स्नॅपशॉट घेऊन बॅकअपच्या प्रोग्रॅमला त्यातून वाचायला लावले, की सगळ्या फाइली एकाच क्षणाच्या मिळतात. विंडोजवरचे बहुतेक बॅकअप प्रोग्रॅम हे स्वतःहून करतात. लिनक्सवर आपल्याला स्क्रिप्टमध्ये लिहावे लागते.

तेवढ्यानेही डेटाबेसचे काम पूर्ण होत नाही. स्नॅपशॉट म्हणजे ऐन कामात वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल त्याचे चित्र. एसक्यूएल सर्व्हरसारखे प्रोग्रॅम विंडोजकडून सूचना मिळताच आपली माहिती व्यवस्थित लिहून क्षणभर थांबतात, म्हणून त्यांचा स्नॅपशॉट नीटनेटका मिळतो. ज्या प्रोग्रॅमना ही सोय नाही त्यांच्यासाठी क्रम असा ठेवावा: आधी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सोयीने माहितीची उतरवलेली प्रत काढावी, ती पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर स्नॅपशॉट घ्यावा, स्नॅपशॉटवरून बॅकअप घ्यावा, आणि शेवटी तात्पुरता स्नॅपशॉट काढावा. हे चारही टप्पे एकामागून एक चालतील असेच जोडावेत. ‘८.३० ला उतरवणे, ९ ला स्नॅपशॉट’ असे नुसते घड्याळावर सोडले, तर मार्चअखेरीस माहिती वाढते, उतरवणे ९.१० पर्यंत चालते आणि अर्धवट प्रतच बॅकअपमध्ये जाते.

झेडएफएसवर हीच जोड अधिक सुटसुटीत आहे. पहिल्यांदा पूर्ण स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचा आणि पुढे दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढा पाठवत राहायचे. त्यासाठी दोन्ही यंत्रांवर किमान एक स्नॅपशॉट समान असावा लागतो. पावसात फायबर तुटून आठ-दहा दिवस जोडणी बंद राहिली आणि त्या काळात आपोआप चालणाऱ्या साफसफाईने तो समान स्नॅपशॉट काढून टाकला, तर साखळी तुटते आणि सगळे पहिल्यापासून पाठवावे लागते. २० एमबीपीएसच्या अपलोडवर रोजचे ३ जीबी वीस मिनिटांत जातात, पण ४०० जीबींना सुमारे ४५ तास लागतात. म्हणून शेवटचा पाठवलेला स्नॅपशॉट ‘होल्ड’ करून ठेवावा, म्हणजे साफसफाई त्याला हात लावू शकत नाही.

प्रती कुठे ठेवाव्यात

माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी, हा जुना नियम आपल्याकडे हवामानामुळे अधिकच लागू पडतो. त्यात स्नॅपशॉटची गणना प्रत म्हणून करू नये. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वीज दिवसच्या दिवस गेली होती, आणि त्याच वर्षीच्या जुलैमधील पुराने सत्तरी, डिचोली भागात घरांत आणि दुकानांत पाणी शिरले. तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच्याच खालच्या खणात बॅकअपचा ड्राइव्ह, ही मांडणी अजूनही दिसते. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या तालुक्यात असावी. पणजीच्या कार्यालयाची प्रत फोंड्याच्या शाखेत ठेवता आली तर उत्तमच.

फिरते, म्हणजे आळीपाळीने जोडायचे, ड्राइव्ह बॅकअप झाल्यावर सर्व्हरपासून आणि विजेपासूनही काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत. समुद्राजवळच्या कार्यालयांत खाऱ्या दमट हवेने जोडण्यांवर हिरवट थर चढतो, त्यामुळे केबलही दरवर्षी तपासावी. यूपीएसची सिग्नलची तार सर्व्हरला जोडली आहे ना, हेही पाहावे. ती नसली तर बॅटरी संपताना सर्व्हर स्वतःहून नीट बंद होत नाही.

खंडणीखोर व्हायरसचा विचार करून

असे व्हायरस फाइलींना कुलूप घालण्याच्या सुमारास शॅडो कॉपी पुसून टाकण्याची आज्ञा देतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायनेही हेच केले होते. प्रशासकाचे अधिकार ज्याच्या हाती पडतात त्याच्यापुढे सर्व्हरवरचा स्नॅपशॉट टिकत नाही. म्हणून रोजच्या कामाची खाती प्रशासकाची नसावीत, आणि बॅकअपची दिशा उलटी ठेवावी: सर्व्हरने बॅकअप यंत्रावर लिहू नये, बॅकअप यंत्राने सर्व्हरवरून ओढून घ्यावे. तसे केले की बॅकअप यंत्राचा पासवर्ड सर्व्हरवर कुठेच ठेवावा लागत नाही. रोज ३ जीबींनी वाढणारा स्नॅपशॉट एके सकाळी एकदम ८० जीबींनी वाढलेला दिसला, तर तो फाइली एकामागून एक कुलूपबंद होत असल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी सर्व्हरची नेटवर्कची तार आधी काढावी आणि मग शोध घ्यावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे, हे कार्यालयप्रमुखांना आधीच सांगून ठेवावे.

फाइल परत आणताना

कर्मचाऱ्यांना एवढे शिकवावे: फाइल बिघडली असेल तर तिच्यावर उजवी क्लिक करून गुणधर्मांतील ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ हा टॅब उघडायचा, फाइल पुसली गेली किंवा तिचे नाव बदलले असेल, तर ती जिथे होती त्या फोल्डरवर क्लिक करून तोच टॅब उघडायचा. हा दुसरा भाग कोणी सांगत नाही, आणि मग ‘फाइलच दिसत नाही, तर क्लिक कशावर करू’ म्हणून लोक अडतात. जुनी आवृत्ती सरळ ‘रिस्टोअर’ करू नये. आधी ती उघडून पाहावी, तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावी आणि आजच्या फाइलीशी ताडून मगच जागेवर ठेवावी. संपूर्ण ड्राइव्ह मागे नेण्याची सोय मी कर्मचाऱ्यांच्या हाती देत नाही, कारण एका माणसाच्या फाइलीसाठी इतर चौदा जणांचे दिवसभराचे काम पुसले जाते; झेडएफएसमध्ये तर मागे जाताना मधले स्नॅपशॉटही काढून टाकावे लागतात.

एक बाब जपावी लागते. स्नॅपशॉटमधील फाइलींना त्या दिवशीचे अधिकार चिकटलेले असतात. पगारपत्रक चुकून सर्वांसाठी खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये आले आणि तासाभराने हलवले, तरी मधल्या स्नॅपशॉटमध्ये ते पुढचे दोन-अडीच आठवडे कोणालाही वाचता येते. अशा प्रसंगी तेवढा स्नॅपशॉट काढून टाकावा.

वर्षांनुवर्षे जपायचे दप्तर

स्नॅपशॉट आठवड्यांचा सोबती आहे आणि कायद्याची मुदत वर्षांची. कंपन्यांनी हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपायची असतात, जीएसटीचे दप्तर संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. त्यासाठी वार्षिक हिशेब बंद झाले की त्या वर्षाची पूर्ण प्रत वेगळ्या ड्राइव्हवर काढून त्यावर वर्ष लिहावे, आणि तो ड्राइव्ह फिरत्या ड्राइव्हांत मिसळू नये.

परत आणण्याची तालीम वर्षातून चार वेळा करावी, आणि त्यांपैकी एक मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी. सर्व्हरला हात न लावता दुसऱ्या संगणकावर, केवळ बाहेरच्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीवरून, एक करारनामा, एक तक्ता आणि हिशेबाची पूर्ण माहिती परत आणून ती त्या त्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावी. किती मिनिटे लागली, कोणता पासवर्ड आठवला नाही, कोणती फाइल उघडली नाही, हे वहीत तारखेसह लिहावे आणि ती वही सर्व्हरच्या खोलीत न ठेवता कार्यालयप्रमुखांच्या कपाटात ठेवावी.